जुन्या मोटारीचा नवा तळ

मुलांनो, मोटार जुनी झाली म्हणजे तिचा कोणता भाग प्रथम निकामी होतो, असे कोणी विचारले तर तुम्ही बहुधा इंजिनाचे नाव घ्याल. पण इंजिन हा मोटारीचा तसा भाग्यवान अवयव आहे. त्याला सतत तेल मिळते. ते बाहेर काढून खोलता येते. झिजलेला भाग बदलता येतो. आणि अगदीच निरुपाय झाला तर दुसरे इंजिन आणून बसवता येते. मोटारीचा खरा घात होतो तो तिच्या तळाशी. ज्यावर आपण पाय ठेवतो, पण ज्याच्याकडे वाकून कधी पाहत नाही, तो पत्रा वर्षानुवर्षे मुकाट्याने गंजत असतो. ब्रिटनमध्ये जुन्या मोटारी जतन करणारे पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येक जण असा गंजलेला तळ आपल्या घराच्या आवारात, सुटीच्या दिवशी, स्वतःच्या हातांनी बदलतात. हे काम कसे चालते आणि त्यात जपावयाचे काय असते, ते आज आपण पाहू.

उदाहरणासाठी आपण ‘मॉरिस मायनर’ ही मोटार घेऊ. १९४८ साली लंडनमधील अर्ल्स कोर्ट येथील प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. तिचा आराखडा अ‍ॅलेक इसिगोनिस या अभियंत्याने केला होता. मोटारीचा नमुना जवळजवळ सिद्ध झाला असता इसिगोनिसला तो अरुंद वाटू लागला. तेव्हा त्याने तो मधोमध उभा कापविला, दोन्ही अर्धे एकमेकांपासून दूर सरकवून पाहिले, आणि चार इंचांचे अंतर पडताच त्याचे समाधान झाले. मायनरच्या इंजिनावरील झाकणाच्या मधून जी सपाट पट्टी गेलेली दिसते, ती याच चार इंचांची खूण होय. पुढे सुमारे दोन तपे ही मोटार तयार होत राहिली आणि तिची संख्या सोळा लाखांच्या घरात गेली. आपल्या देशातही हिंदुस्थान मोटर्सने ती काही काळ ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने बनविली होती.

आता तिच्या रचनेकडे वळू. बैलगाडीला जसा साटा असतो, तसा फार जुन्या मोटारींना खाली एक भक्कम पोलादी सांगाडा असे. त्यावर बसण्याची पेटी नुसती ठेवून बोल्टांनी आवळलेली असे. पेटी उचलून बाजूला ठेवली, तरी सांगाडा चाकांवर उभाच राही. मायनरला असा वेगळा सांगाडा नाही. तिचा तळ, बाजू, पाठ आणि छप्पर हे सारे पत्रे एकमेकांना सांधून एकच कवच केलेले आहे, आणि मोटारीचा सगळा भार हे कवचच पेलते. खेकड्याला आत हाडे नसतात, त्याचे कवच हेच त्याचे हाड. तसाच हा प्रकार समजा.

याचा अर्थ नीट उमजण्यासाठी घरी एक प्रयोग करून पाहा. बुटांचे रिकामे पुठ्ठ्याचे खोके घ्या, त्याचे झाकण घट्ट चिकटवा आणि खोक्याला दोन्ही टोकांनी धरून पीळ देण्याचा प्रयत्न करा. खोके सहसा दाद देणार नाही. आता त्याचा तळ कापून काढा आणि पुन्हा पीळ द्या. तेच खोके हातात लुळे पडेल. पुठ्ठा तोच, त्याची जाडीही तीच. फक्त एक बाजू गेली आणि चारही बाजूंचे बळ नाहीसे झाले. मोटारीच्या तळाचे काम कोणते, ते हे खोके कोणत्याही ग्रंथापेक्षा अधिक स्पष्टपणे सांगते.

मायनरच्या तळाचे मुख्य भाग चार प्रकारचे आहेत. पाय ठेवण्याचे डावा व उजवा असे दोन मोठे पत्रे. त्यांच्या बाहेरच्या कडेला, दारांच्या खाली, लांब पोकळ पेट्या, त्यांना आपण ‘उंबरठे’ म्हणू. पुढच्या आसनांच्या खालून या उंबरठ्यापासून त्या उंबरठ्यापर्यंत गेलेली एक आडवी तुळई. आणि त्या तुळईपासून इंजिनाकडे गेलेल्या दोन लांबट पोकळ तुळया. पुढच्या चाकांना धक्के सोसता यावेत म्हणून या मोटारीत गुंडाळीदार स्प्रिंगांऐवजी दोन लांब पोलादी कांबी बसविल्या आहेत. चाक खड्ड्यात आदळले की कांब पिळली जाते आणि पुन्हा उलगडते. या कांबींची मागची टोके त्या आडव्या तुळईत घट्ट रोवलेली असतात. शिवाय ब्रेकचे मुख्य नळकांडे चालकाच्या पायांखालीच, एका लांबट तुळईच्या पोटात असते. म्हणजे चाके आणि ब्रेक दोन्ही अखेर या तळाच्या आधारावर अवलंबून आहेत. तुळई गंजून पोकळ झाली आणि भर वेगात एखाद्या कांबीने आपली जागा सोडली, तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. तळाचा गंज हा मोटार कुरूप करणारा दोष असता, तर एवढ्या खटाटोपाचे कारणच नव्हते.

हा गंज येतो कोठून? लोखंड खाणीत सापडते ते प्राणवायूशी संयोग पावलेल्या स्थितीत. भट्टीत प्रचंड उष्णता देऊन आपण ते त्यापासून सोडवून घेतो. पाणी आणि हवा एकत्र मिळताच लोखंड पुन्हा आपल्या मूळ स्थितीकडे जाऊ लागते. त्यालाच आपण गंजणे म्हणतो. अ‍ॅल्युमिनियमवरही असाच थर येतो, परंतु तो दाट व चिवट असल्यामुळे आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, पापुद्र्यांनी फुगतो, सुटून पडतो, आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा हवेला उघडे पडते. पाण्यात मीठ असले तर ही क्रिया पुष्कळच वेगाने होते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून खाणीतून काढलेले मीठ पसरतात, कारण खारे पाणी शून्य अंशावर गोठत नाही. ते खारट पाणी चाकांनी उडून तळाच्या सांदीकोपऱ्यांत चिखलासह बसते. वरच्या बाजूने दुसरा शत्रू येतो. पुढच्या काचेभोवतीचे रबर जुने झाले की पावसाचे थेंब आत झिरपतात, आणि पायांखालचा गालिचा व त्याखालचा जाड नमदा ते पाणी आठवडेच्या आठवडे धरून ठेवतात. वरून ओल आणि खालून मीठ, अशा कात्रीत पातळ पत्रा किती दिवस टिकणार?

कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना ही कथा नवी वाटणार नाही. खारे वारे खिडक्यांचे गज कसे खातात, ते त्यांनी पाहिलेच आहे. मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट आणि पुढे पद्मिनी या मोटारीही याच कवचाच्या पद्धतीच्या होत्या. टॅक्सी म्हणून त्या २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत त्या शहरात धावल्या. चार महिन्यांचा पाऊस आणि बारा महिन्यांची खारी हवा सोसणाऱ्या अशा गाड्यांचे तळ सांधणारे कुशल पत्राकारागीर गॅरेजांतून काम करीत. परंतु घरमालकाने स्वतः हे काम अंगावर घ्यावे, ही रीत मात्र विशेषेकरून तिकडची.

गंज शोधण्याची कला पाहण्यासारखी आहे. बाजारात मडके घेताना आपली आजी त्यावर टिचकी मारून पाहते. पक्के मडके खणखणते, तडकलेले बद्द वाजते. मोटारीचा तळ तपासणारा माणूसही लहान हातोडीने पत्रा ठोकत जातो आणि कान देऊन ऐकतो. निरोगी पत्र्याचा आवाज स्वच्छ येतो. कुजलेल्या जागी तो बसका होतो, आणि कित्येकदा हातोडीचे टोकच आत शिरते. ब्रिटनमध्ये मोटारींची अशी वार्षिक तपासणी १९६० साली सुरू झाली. २०१८ पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न केलेल्या मोटारींना तिची सक्ती राहिलेली नाही. तरीही आपली मोटार आपण होऊन तपासून घेणारे मालक आहेत, आणि ते शहाणे आहेत, असे मला वाटते.

या तपासणीत काही वेळा जुनी लबाडीही उघडकीस येते. गंजलेल्या भोकावर काचतंतूचे कापड चिकटवून वर डांबरासारखा जाड लेप फासलेला असतो. दिसावयास ते गुळगुळीत दिसते, पण त्या कापडाला चाकांचा भार पेलण्याचे बळ कोठून येणार? काही जण गंजलेल्या पत्र्यावरच नव्या पत्र्याचे ठिगळ लावतात. तेही व्यर्थ. नवा पत्रा खालच्या ज्या पत्र्याला धरून असतो, तोच उद्या भुगा होऊन पडतो. म्हणून सारा गंज कापून काढावा आणि नवे पोलाद निरोगी पोलादालाच सांधावे, एवढा एक नियम जाणते लोक कसोशीने पाळतात.

कापण्यापूर्वी मात्र पुष्कळ तयारी करावी लागते. आसने, गालिचे व नमदे बाहेर येतात. विजेची बॅटरी सोडवून दूर ठेवतात. वेल्डिंगच्या ठिणग्या उडणार असल्यामुळे पेट्रोलची टाकी व तळाखालून जाणारी पेट्रोलची नळी काढून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेतात, आणि आग विझविण्याचे साधन हाताशी ठेवतात. मग मोटार जॅकने उचलून पोलादी घोड्यांवर टेकवितात. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या मोटारीखाली कोणीही, कधीही, क्षणभरदेखील शिरत नाही. पिळाच्या कांबींत फार मोठा जोर साठलेला असतो. आडव्या तुळईला हात लावण्याआधी तो सावकाश, योग्य रीतीने उतरवावा लागतो. तसे न करता तुळई कापणे म्हणजे ताणलेल्या धनुष्याची दोरी तोंडाजवळ धरून कापण्यासारखेच आहे.

यानंतरचे काम आपल्याकडील गवंडी आणि सुतार सहज ओळखतील. पाणसळ लावून मोटार सपाट उभी आहे की नाही ते पाहतात. ओळंबा सोडून तळावरील ठरावीक बिंदू जमिनीवर उतरवून घेतात. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहितात. सुतार चौकट काटकोनात आहे हे पाहण्यासाठी कर्ण मोजतो. येथे चौकट काटकोनी नसते, म्हणून ते दोन आकडे आपसांत जुळण्याची गरज नाही. पण आज जे आकडे आले तेच काम संपल्यावर आले पाहिजेत. मग दाराच्या मोकळ्या चौकटीत पोलादी अँगलच्या दांड्या आडव्या-तिरप्या टाकून त्या तात्पुरत्या सांधून टाकतात. मोडलेल्या हाताला फळ्या बांधतात ना, तसेच हे. तळ काढला म्हणजे खोक्यासारखे लुळे पडणारे कवच या दांड्यांच्या आधाराने आपला आकार धरून राहते. एवढे करूनही दोन्ही बाजू एकदम कधी कापीत नाहीत. आधी एक बाजू पुरी करावयाची, मगच दुसरीला हात घालावयाचा.

कारखान्यात हे पत्रे ठिपक्याठिपक्यांनी सांधलेले असतात. विजेच्या झटक्याने दोन पत्रे एकेका बिंदूत वितळून एकजीव झालेले असतात. मालक बरम्याने हे ठिपके एकेक करून पोखरतो आणि जुना पत्रा सोडवितो. हे काम कंटाळवाणे आहे. एका बाजूला असे कितीतरी ठिपके निघतात आणि अर्धे गंजाखाली लपलेले असतात. उंबरठ्याची पेटी उघडली की तिच्यातून ओंजळी भरभरून तांबडा भुगा बाहेर पडतो. पेटीच्या आतल्या बाजूला कोणी रंग लावलेला नसतो, म्हणून ती आतून बाहेर गंजत येते. बाहेरचा रंग फुगू लागतो तेव्हा आतली निम्मी पेटी गेलेली असते. पुष्कळदा असे होते, की हातभर पत्रा बदलण्याच्या हिशेबाने सुरुवात केलेली असते आणि निरोगी धातू सापडेपर्यंत वावभर कापावे लागते. येथे धीर सोडून अर्धवट गंज आत ठेवण्याचा मोह होतो. दोन आठवड्यांचे म्हणून काढलेले काम दोन-दोन वर्षे रेंगाळते ते याच टप्प्यावर.

नवे पत्रे विकत मिळतात. मायनरच्या सुट्या भागांचा व्यापार तिकडे अजून चालू आहे, आणि ज्याला साधेल तो एक-दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा आणून घरीच वाकवितो. नवा पत्रा जागेवर ठेवून चिमट्यांनी धरतात आणि शिंपी कच्चे टाके घालतो त्याप्रमाणे चार-सहा ठिकाणी वेल्डिंगचे टाके देतात. आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा. पक्की शिवण घालण्यापूर्वी दार त्याच्या बिजागऱ्यांवर चढवून मिटून पाहतात. दाराभोवतीची फट वर-खाली, पुढे-मागे पूर्वीसारखीच हवी. ती वर रुंद आणि खाली अरुंद दिसली, तर उंबरठा खचला किंवा उचलला गेला आहे असे समजावे. वहीतील कर्णांचे आकडे तीच गोष्ट सांगतात. या घटकेला कच्चे टाके घासून काढून पत्रा पुन्हा बसविणे हे तासाभराचे काम असते. पक्की शिवण पडल्यावर मात्र मोटारीचा वाकडेपणा कायमचा होतो. मग दार नीट मिटत नाही, काच तडकते, चाके सरळ रेषेत धावत नाहीत, आणि सारे पुन्हा कापल्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणून अनुभवी माणूस येथे घाई करीत नाही. दार दहादा उघडतो, दहादा मिटतो, आणि पुन्हा एकदा मोजपट्टी लावतो.

पक्के वेल्डिंगही एका दमात करीत नाहीत. तापलेला पत्रा प्रसरण पावतो आणि निवताना आखडतो. सलग वितळवीत गेले तर तो पापडासारखा वेडावाकडा होतो. म्हणून इंचभर शिवण येथे, इंचभर तेथे, मध्ये निवण्यास उसंत, असे करीत अखेरीस सगळे तुकडे एकमेकांना मिळवितात. जेथे मूळचे ठिपके होते तेथे नव्या पत्र्यात भोके पाडून ती वितळलेल्या धातूने भरतात. डोळ्यांवर गडद काचेचा मुखवटा, हातांत चामड्याचे मोजे आणि अंगभर जाड सुती कपडे हवेतच, कारण त्या ज्योतीचा उजेड उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास डोळे पोळतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा असल्यास त्याचा धूर छातीत जाऊन ताप येतो, म्हणून सांध्यावरील जस्त आधी घासून टाकतात आणि काम मोकळ्या हवेत करतात. हे काम मोठ्यांनीच आणि शिकूनच करण्याचे आहे. घरातील मुले आकडे लिहिणे, ओळंबा धरणे, बोल्ट डब्यांत वेगवेगळे ठेवणे अशी कामे करू शकतात. आणि ज्या घरी ती हे नीट करतात, तेथे मोटार पुन्हा जोडताना शोधाशोध करावी लागत नाही.

मायनरचा ‘ट्रॅव्हलर’ नावाचा एक प्रकार आहे. त्याच्या मागच्या भागाची चौकट चक्क अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची असते, आणि ती शोभेची नसून भार पेलणारी असते. तेथे मालकाला गंजाबरोबर कुजलेल्या लाकडाशीही झुंजावे लागते. तपासनीसही ते लाकूड तितक्याच बारकाईने पाहतो.

सांधे पुरे झाले की पत्र्यावर जस्तयुक्त अस्तराचा रंग देतात. जस्त लोखंडापेक्षा आधी स्वतः झिजते आणि तोवर लोखंडाला राखते. सांध्यांच्या फटी लुकणाने बुजवितात. उंबरठ्याच्या पोकळीत बारीक भोकातून नळी घालून पातळ केलेले मेण फवारतात. कारखान्यात जे राहून गेले होते ते येथे भरून निघते. त्या पेटीच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी ठेवलेली भोके मात्र मेणाने बुजू देत नाहीत. नंतर अँगलच्या दांड्या कापून काढतात, कर्ण शेवटचे मोजतात आणि दार मिटतात.

मोटार चाकांवर उभी राहिली, तरी गालिचा लगेच घालीत नाहीत. एक जण बागेतील पाण्याची नळी घेऊन पुढच्या काचेवर पंधरा-वीस मिनिटे पाणी सोडतो आणि दुसरा विजेरी घेऊन आत, नव्या तळाशी डोके नेऊन, काचेच्या रबराचे खालचे कोपरे न्याहाळीत बसतो. एक थेंब जरी आत उतरला, तरी रबर बदलून पुन्हा पाणी सोडतात.